चीड मोजली, मत निसटले

पारलिंगी व्यक्तींच्या वैद्यकीय उपचारांविषयी समाजमाध्यमांवरील लाखो नोंदी संगणकाने तपासल्या आणि बहुसंख्य ‘नकारात्मक’ निघाल्या, असे वाचले की समाजाचा या उपचारांना विरोध आहे, असा अर्थ सहज लावला जातो. तो घाईचा आहे, कारण संगणकाने नेमके काय मोजले हे त्यात पाहिलेलेच नसते.

२०१४ साली प्रसिद्ध झालेले ‘व्हेडर’ हे इंग्रजी मजकुरातील भावना मोजणारे साधन पाहू. त्याच्या कोशातील साडेसात हजारांहून अधिक शब्दांना व चिन्हांना माणसांनी उणे ४ ते अधिक ४ या दरम्यान गुण दिलेले आहेत. वाक्यातील गुणांची बेरीज करायची, बेरजेच्या वर्गात १५ मिळवायचे आणि त्याच्या वर्गमुळाने मूळ बेरजेला भागायचे; म्हणजे उत्तर उणे १ ते अधिक १ यांच्या आतच राहते. बेरीज उणे ३ असेल, तर २४ च्या वर्गमुळाने भागून सुमारे उणे ०.६१ येतात. उणे ०.०५ किंवा त्याहून कमी गुणांची नोंद नकारात्मक धरण्याची रीत असल्याने ही नोंद ठळकपणे नकारात्मक ठरते.

आता अशी नकारात्मक ठरणारी नोंद, मराठीत सांगायचे तर, ही असू शकते: “संप्रेरक उपचारांसाठी रुग्णांना वर्षानुवर्षे ताटकळत ठेवणे क्रूर आणि लाजिरवाणे आहे.” लिहिणारा उपचारांच्या बाजूचा आहे, त्याची चीड दिरंगाईवर आहे. उलट, “या मुलांवर प्रेम करा, त्यांना असल्या उपचारांपासून सुरक्षित ठेवा” यात शब्द सगळे गोड, भूमिका मात्र विरोधाची. भावना आणि भूमिका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि समर्थकच तक्रारी घेऊन बोलत असतील, तर शब्दांची बेरीज त्यांनाही विरोधकांच्या खात्यात टाकते. एवढ्यावरून ‘कृत्रिम बुद्धिमत्तेने जनमन ओळखले’ असे मथळे देणे, हे तळहातावरच्या रेषा पाहून स्वभाव सांगण्याच्या पंक्तीतले आहे.

भूमिका अचूक ओळखली, तरी ती कोणाची हा प्रश्न उरतोच. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०१९ मध्ये दाखवले, की तेथील प्रौढ ट्विटर वापरकर्त्यांपैकी सर्वाधिक सक्रिय १० टक्के लोक ८० टक्के ट्वीट लिहीत होते. शिवाय बंदूक नियंत्रण, समलिंगी विवाह आणि हवामानबदल या विषयांवरील ट्वीटच्या २०१७ च्या अभ्यासात, नैतिक संतापासारखी भावना असलेल्या प्रत्येक जादा शब्दामागे प्रसार सुमारे २० टक्क्यांनी वाढलेला आढळला. त्यामुळे मोजणीला येणारा नमुना आधीच थोड्या आणि तापलेल्या लोकांकडे झुकलेला असतो. त्यातच प्रौढांची शस्त्रक्रिया, किशोरांचे वयात येणे लांबणीवर टाकणारी औषधे आणि साधे समुपदेशन यांवर एकाच माणसाची तीन मते असू शकतात. ती एका आकड्यात मिसळली, की कोणते मत कशाविषयी होते हे पुन्हा वेगळे काढता येत नाही.