लक्षद्वीपची पोवळी पांढरी का पडतात?

लक्षद्वीपच्या प्रवाळांची, म्हणजे पोवळ्यांची, कहाणी सहसा तापलेल्या समुद्राने ती मोठ्या प्रमाणावर मारली त्या १९९८ पासून सांगितली जाते. पण समुद्र दोन अंशांनी तापला तर या बेटांचं एवढं काय बिघडतं, हे कळायला त्याही मागे जावं लागतं.

ही बेटं प्रवाळांनीच घडवलेली आहेत. तळाशी ज्वालामुखीचा खडक आहे. ज्या रीयुनियन तप्तबिंदूतून (पृथ्वीच्या पोटातून तप्त शिलारस वर येण्याची जागा) दख्खनचा काळा पाषाण बाहेर पडला, त्याच तप्तबिंदूशी लक्षद्वीपच्या पाण्याखालच्या डोंगररांगेचा संबंध जोडला जातो. म्हणजे सह्याद्री आणि ही बेटं एका अर्थी भाऊबंदच. डोंगर खचत गेला, तसतसे प्रवाळ चुन्याचे थर चढवत उजेडाजवळ टिकून राहिले. कंकणाकृती बेटांचा हा उलगडा चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये मांडला. लक्षद्वीपची सगळी जमीन मिळून अवघी ३२ चौरस किलोमीटर, आणि बहुतेक ठिकाणी समुद्रापासून एक-दोन मीटरच उंच. किनाऱ्यावरची वाळूही प्रवाळ आणि शिंपल्यांचाच चुरा. प्रवाळाची वाढ थांबली की वाळूचा पुरवठा आटतो आणि लाटा अडवणारा बांधही झिजू लागतो.

प्रवाळ हा प्राणी, पण त्याचं पोट चालतं ते पेशींमध्ये मुक्कामाला असलेल्या सूक्ष्म शैवालावर. अन्नाचा मोठा वाटा आणि रंगही तेच देतं. पाणी नेहमीपेक्षा तापलं आणि वर कडक ऊन असलं, की शैवालाचं प्रकाशसंश्लेषण बिघडतं, घातक ऑक्सिजन-संयुगं साचतात आणि प्रवाळ शैवालाला बाहेर काढतो. उरलेल्या पारदर्शक ऊतीतून आतला पांढरा सांगाडा दिसतो. यालाच विरंजन किंवा ब्लीचिंग म्हणतात. पांढरा प्रवाळ मेलेला नसतो, उपाशी असतो. बातम्यांमध्ये हा घोळ हमखास होतो. काही आठवड्यांत पाणी निवलं तर शैवाल परत येतं. नाही निवलं तर ऊती गळून पडते आणि थोड्याच दिवसांत सांगाड्यावर हिरवट-तपकिरी बुरा चढतो. मृत्यूची खूण हा बुरा आहे.

उष्णता किती, याइतकंच ती किती काळ टिकली हेही मोजावं लागतं. अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेची पद्धत अशी: त्या जागेच्या सर्वांत उष्ण महिन्याचं सरासरी तापमान आधाराला घ्यायचं, त्याहून किमान एक अंश जास्त तापलेले आठवडे धरायचे आणि त्यांतल्या जादा अंशांची १२ आठवड्यांची बेरीज करायची. दोन अंश जास्त तापमान दोन आठवडे राहिलं तर बेरीज ४. चारच्या पुढे विरंजन अपेक्षित, आठच्या पुढे मोठ्या प्रमाणावर मृत्यू. लक्षद्वीपला सर्वांत कडक काळ एप्रिल-मे. जूनमध्ये ढग येतात, वारा पाणी घुसळतो आणि समुद्र निवतो. पाऊस लांबला, की ही बेरीज आठवड्याआठवड्याने चढत जाते.

१९९७-९८ च्या एल निन्योने, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापण्याच्या घटनेने, हिंद महासागरातले प्रवाळ पहिल्यांदा एवढ्या प्रमाणात मारले. फांद्यांचे आणि मेजासारखे पसरट अॅक्रोपोरा आधी गेले, गोलाकार दगडी पोराइट्स बऱ्याच अंशी तगले. मग २०१० आणि २०१६. पहिल्या दोन तडाख्यांमध्ये १२ वर्षांचं अंतर होतं, पुढच्या दोघांमध्ये सहाचं.

अगत्ती, कदमत आणि कवरत्ती इथल्या चोवीस वर्षांच्या नोंदींनुसार जिवंत प्रवाळाचं आच्छादन, म्हणजे तळाचा जिवंत प्रवाळाने झाकलेला भाग, १९९८ मधल्या सुमारे ३७ टक्क्यांवरून २०२२ पर्यंत २० टक्क्यांच्या खाली आलं. त्याच नोंदींत वरवर दिलासा वाटेल अशी एक गोष्ट आहे: प्रत्येक तडाख्यात मृत्यूचं प्रमाण आधीपेक्षा कमी होत गेलं. हुरळून जाण्यात अर्थ नाही, कारण नाजूक जाती आधीच मेल्या होत्या. उरले ते चिवट आणि सावकाश वाढणारे. नव्या वाढीला वेग यायला विरंजनाविना सहा वर्षं लागतात, असंही याच कामातून दिसलं. तेवढी उसंतच मिळेनाशी झाली आहे, खरं दुखणं हे.

उसंत मिळाली तरी वाढ कशावर होते, तेही पाहावं लागतं. प्रवाळाची पिल्लं टणक जागा शोधून चिकटतात. मेलेला मेजासारखा अॅक्रोपोरा वरून टणक दिसतो, पण आतून पोखरणाऱ्या जिवांनी तो ठिसूळ केलेला असतो. पावसाळ्यातल्या लाटांनी तो मोडला, की वर बसलेली दोन-तीन वर्षांची नवी वसाहतही त्याच्यासकट उताराला लागते. नोंदवहीत पिल्लं भरपूर आणि भित्तीवर (प्रवाळांनी रचलेल्या चुन्याच्या बांधावर) मोठे प्रवाळ मात्र मोजकेच, याचं एक कारण हे.

१९९८ नंतर इथले प्रवाळ जे सावरले, त्याचं थोडं श्रेय मासेमारीच्या पद्धतीला जातं. गळकाठीने टूना धरण्याची मिनिकॉयची जुनी रीत १९६० च्या दशकापासून इतर बेटांवरही रुजली. कोळी भित्तीबाहेरच्या पाण्यात गेले, त्यामुळे शैवाल खरवडून खाणारे पोपटमासे भित्तीवर शिल्लक राहिले. हे मासे नसतील तर मोकळ्या सांगाड्यावर शैवालाची गादी बसते आणि पिल्लांना थारा मिळत नाही. अलीकडे भित्तीवरच्या माशांनाही बाहेरून मागणी वाढली आहे, आणि हा आधार ढासळायला वेळ लागणार नाही.

महाराष्ट्रातले प्रवाळ निराळ्या घडणीचे. मालवणला १९८७ मध्ये २९.१२ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास खडकांवर प्रवाळांचे तुकडे आहेत, लक्षद्वीपसारखी सलग भित्ती नाही. गढूळ पाणी आणि पावसाळ्यातलं गोडं पाणी सोसणाऱ्या मोजक्या जातीच इथे टिकतात. गढूळपणा ऊन अडवतो, म्हणून त्याचा काहीसा फायदाही होतो. तरी विरंजनाच्या नोंदी इथेही झाल्या आहेत, आणि वरून बोटींचे नांगर आणि प्रवाळावर पाय टेकवणारे स्नॉर्कलिंगवाले.

२०२३ च्या ऑक्टोबरअखेरपासून लक्षद्वीपच्या समुद्रात पुन्हा उष्णतेची लाट सुरू झाली. मे २०२४ मध्ये केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने व्यापक विरंजन झाल्याचं जाहीर केलं. त्याआधी एप्रिलमध्येच जगातलं चौथं जागतिक विरंजन घोषित झालं होतं. जिवंत प्रवाळाचा वर दिलेला २० टक्क्यांचा आकडा या लाटेच्या आधीचा आहे.