वेताळ ते अलक: चिमुकल्या अद्भुतकथांची पार्श्वभूमी

व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळी सकाळी येणाऱ्या अलक, म्हणजे अति लघु कथा, बहुतेक करून सासू-सून, वृद्धाश्रम नाहीतर बाबांच्या फाटक्या बनियनवर येऊन संपतात. परग्रह, यंत्रमानव, उलटा फिरणारा काळ त्यात औषधालाही सापडत नाही. गंमत अशी, की बरोब्बर शंभर शब्दांत कथा बसवायचा खेळ रूढ केला तो विज्ञानकथेच्याच चाहत्यांनी. १९८०च्या दशकात इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या विज्ञानकथा मंडळाने ही मर्यादा ठरवली; तिकडे तिला ड्रॅबल म्हणतात. आपल्याकडे शतशब्दकथा, लाडाने शशक, रुळली. अद्भुत मात्र वाटेतच उतरलं.

तसं चार पानांत अद्भुत सांगणं आपल्याला नवं नाही. मद्रासहून १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये निघालेलं ‘चंदामामा’ १९५२ पासून मराठीत ‘चांदोबा’ होऊन आलं. सोलापूरच्या पूर्व भागात विणकर पद्मशाली घरांत तेलुगू बोलतात आणि गल्लीत मराठी चालते. शेजाऱ्यांकडे तेलुगू अंक, आमच्याकडे मराठी. विक्रमाच्या खांद्यावरचं प्रेत तेच आणि वेताळाचा प्रश्नही तोच. राजाचं उत्तर बरोबर की चूक यावरून कट्ट्यावर भांडणं व्हायची. ज्याने आधी वाचलंय त्याला दम मिळायचा, “शेवट फोडू नको बे!”

मराठी विज्ञानकथा मात्र लांब अंगाची झाली. मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्ये स्थापन झाली. तिच्या १९७४च्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ यांची ‘कृष्णविवर’ पहिली आली, आणि हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर निघाले. आद्याक्षरं उलटी फिरवलेली. अक्षर ओळखू नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतलेली. पुढे दिवाळी अंकांत विज्ञानकथेला हक्काची जागा मिळाली, पण ती ऐसपैस जागा. माझ्या मते तिथेच सवय बिघडली. कथेत एखादे प्राध्यापक येणार आणि दोन पानं सिद्धांत समजावणार, हे वाचकानेही गृहीत धरलं. शंभर शब्दांत प्राध्यापकांना उभं राहायलाही जागा नसते.

जपानच्या शिनिची होशी यांनी मात्र अशा चिमुकल्या कथा हजाराहून जास्त लिहिल्या. ‘नेचर’सारख्या संशोधनाच्या साप्ताहिकानेही १९९९ मध्ये एका पानाच्या विज्ञानकथेचं सदर सुरू केलं.

आता अशा कथा वाचकांनी एकमेकांना सुचवण्याबद्दल, म्हणजे शिफारशीबद्दल. वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेत एकच अंक घरोघरी फिरतो. परत येतो तेव्हा अनुक्रमणिकेत पेन्सिलीच्या बारीक खुणा असतात: कुठे टिकचिन्ह, कुठे दोन, क्वचित फुली. अंकावर लिहू नये असा नियम आहे, आणि सगळे तो मोडतात. चार-सहा अंक वाचले, की कुणाची खूण आपल्या आवडीशी जुळते ते कळतं. मग तेवढ्याच कथा आधी वाचायच्या.

अलकला अनुक्रमणिका नाही. शंभर शब्दांच्या कथेचा गोषवारा द्यायला गेलं तर ऐंशी शब्द लागतात, म्हणजे कथाच सांगून झाली. शिफारस करणाऱ्याच्या हाती उरतं ते फक्त लेखकाचं नाव, आणि दहा ग्रुप फिरून आलेल्या फॉरवर्डमधून नेमकं तेच गळालेलं असतं. एखादी जमलेली अद्भुत अलक हाती लागलीच, तरी तिच्या लेखकाने आणखी काय लिहिलंय, हे विचारायचं कुणाला?