यादीत नाव कोणाचं?

मार्व्हल या अमेरिकी प्रकाशनसंस्थेच्या ‘ॲव्हेंजर्स’ या सुपरहीरो-टीमच्या कॉमिक्स मासिकाचा १८१वा अंक, मुखपृष्ठावर छापलेली तारीख मार्च १९७९. न्यूयॉर्कमधल्या या टीमच्या हवेलीत आजी-माजी सुपरहीरोंची नुसती दाटी झाली आहे आणि या सगळ्यांना ऐकवतो आहे सुटाबुटातला, काळा चष्मा लावलेला एक सरकारी अधिकारी, हेन्री पीटर गायरिच. त्याच्यापाशी ना ढाल, ना हातोडा. आहे ती फक्त यादी. यापुढे टीममध्ये सातच जण राहतील आणि ते सात कोण, हे सरकार ठरवणार. कॅप्टन अमेरिका, आयर्न मॅन, व्हिजन, स्कार्लेट विच, बीस्ट, वास्प... सहा झाले. सातवं नाव आपलंच, असं टीममधला धनुर्धारी हॉकआय गृहीत धरून चालला आहे, आणि नाव निघतं फाल्कन या कृष्णवर्णीय हीरोचं. सरकारी मान्यता हवी असेल, तर अल्पसंख्याकांना समान संधी देण्याचं सरकारी धोरणही पाळावं लागेल, हे गायरिचचं उत्तर.

गायरिचचं ऐकायचंच कशाला? कारण साधं होतं. विमानं हवी तेव्हा उडवायची परवानगी आणि गोपनीय माहिती पाहायची मुभा सरकार देत होतं, म्हणून ॲव्हेंजर्सचं काम चालत होतं. त्याआधी हाच गायरिच कोणी न अडवता थेट हवेलीत शिरला होता आणि ‘तुमची सुरक्षा ही अशी’ म्हणून त्याने या सवलती काढून घेतल्या होत्या.

अंकाच्या काही महिने आधी, जून १९७८मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एका वैद्यकीय महाविद्यालयाबद्दल निकाल दिला होता. तिथे १०० पैकी १६ जागा अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी बाजूला ठेवल्या जात. न्यायालयाने जागा अशा राखून ठेवणं रद्द केलं. मात्र प्रवेश देताना वंश हा अनेक निकषांपैकी एक म्हणून विचारात घ्यायला हरकत नाही, असंही म्हटलं. ‘गुणवत्ता की राखीव जागा’ हा वाद मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. ‘ॲव्हेंजर्स’च्या त्या अंकाचे लेखक डेव्हिड मिशेलिनी यांच्या डोक्यात नेमका तो निकाल होता का, याला माझ्या लेखी फारसं महत्त्व नाही. वाद हवेत होता आणि कॉमिक्सला तो सापडला कुठे, तर हजेरीपटावर.

हा हजेरीपट सुरुवातीला शुद्ध धंद्याचा मामला होता. सुपरहीरोंची पहिली टीम म्हणजे ‘जस्टिस सोसायटी ऑफ अमेरिका’. ती १९४०च्या हिवाळ्यात ‘ऑल स्टार कॉमिक्स’च्या तिसऱ्या अंकात आली. यात दोन भगिनी प्रकाशनसंस्थांचे हीरो एका टेबलाभोवती बसवले होते. नियम मजेशीर होता: ज्याला स्वतःच्या नावाचं मासिक मिळालं, तो टीममधून बाहेर. त्याला मानद सदस्यत्व द्यायचं आणि रिकाम्या खुर्चीत कमी खपाचा कोणीतरी बसवायचा. सुपरमॅन आणि बॅटमॅन म्हणूनच मानद राहिले. फ्लॅश आणि ग्रीन लँटर्न बढती मिळाल्यागत बाहेर पडले. वंडर वुमनला मात्र १९४२मध्ये आत घेतलं ते सेक्रेटरी म्हणून. टीममधल्या बहुतेक पुरुषांपेक्षा ताकद जास्त, तरी बैठकीचं टिपण तिनेच घ्यायचं. त्या खोलीत कोणाला हे वावगं वाटलं असेल, असं दिसत नाही.

१९५१मध्ये सत्तावन्नाव्या अंकानंतर ही टीम गुंडाळली गेली. सुपरहीरोंचा खप उतरला होता. पुढच्या अंकापासून ‘ऑल स्टार’ काउबॉयांचं मासिक झालं. निरोप नाही, खुलासा नाही. तो खुलासा आला अठ्ठावीस वर्षांनी, डिसेंबर १९७९च्या ‘ॲडव्हेंचर कॉमिक्स’मध्ये, म्हणजे गायरिचच्या यादीच्याच वर्षी. लेखक पॉल लेविट्झ यांनी दाखवलं की १९५१मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या एका समितीने जस्टिस सोसायटीला साक्षीला बोलावलं आणि मुखवटे काढा, खरी नावं सांगा, देशनिष्ठा सिद्ध करा, असं फर्मावलं. त्यांनी नकार दिला आणि ते नाहीसे झाले. १९४७पासून हॉलिवूडच्या लेखक-दिग्दर्शकांना ‘तुम्ही कम्युनिस्ट आहात का’ असं विचारणाऱ्या खऱ्या समितीची ही उघड सावली. खप घसरल्याने बंद पडलेलं मासिक अशा रीतीने मागाहून मानी ठरलं. ही मखलाशी मला मनापासून आवडते.

आणि कॉमिक्सवाल्यांना साक्षीचं बोलावणं खरोखरच आलं होतं! एप्रिल १९५४मध्ये न्यूयॉर्कला सिनेटच्या उपसमितीपुढे भयकथांचे प्रकाशक विल्यम गेन्स बसले. जस्टिस सोसायटीचे निम्मे हीरो ज्यांच्या प्रकाशनातून आले, त्या मॅक्स गेन्स यांचे हे चिरंजीव. बाईचं तोडलेलं मुंडकं दाखवणारं मुखपृष्ठ हातात धरून सिनेटर केफॉव्हर यांनी विचारलं, हे अभिरुचीला धरून आहे का? गेन्स म्हणाले, भयकथेच्या मुखपृष्ठासाठी, हो. त्याच वर्षी प्रकाशकांनी काय छापायचं नाही हे सांगणारा ‘कॉमिक्स कोड’ स्वतःवर लादून घेतला.

मार्व्हलची कथाही सुरू होते ती हिशेबापासूनच. १९६५च्या सोळाव्या अंकात ‘ॲव्हेंजर्स’चे उरलेसुरले संस्थापक बाहेर पडले. कॅप्टन अमेरिकाच्या हाताखाली आले हॉकआय, क्विकसिल्व्हर आणि स्कार्लेट विच, तिघेही पूर्वाश्रमीचे खलनायक. स्वतःची वेगळी मासिकं असलेल्या हीरोंचा मेळ दोन्हीकडे घालणं डोकेदुखी झालं होतं. जन्मजात शक्तींमुळे समाजाने झिडकारलेल्या ‘एक्स-मेन’चा १९७५चा नवा संघही याच वाणाचा. आधी पाचही जण गोरे अमेरिकी. आता केनियाची स्टॉर्म, सोव्हिएत रशियाचा कोलोसस, जर्मनीचा नाइटक्रॉलर, कॅनडाचा वुल्व्हरिन, जपानचा सनफायर, आयरिश बॅन्शी आणि अपाची जमातीचा थंडरबर्ड. मूळ कल्पना अशी की परदेशी हीरो घेतले तर मासिक परदेशांतही विकलं जाईल. मग सोव्हिएत रशियात कोण विकणार होतं मार्व्हलचं मासिक? शिवाय थंडरबर्ड दोन-तीन अंकांतच मारला गेला. तरी याच संघाला घेऊन क्रिस क्लेरमाँट यांनी सोळाएक वर्षं बहिष्कृतांचं राजकारण लिहिलं. पुरवठा खात्याने चुकीचा माल पाठवावा आणि स्वयंपाक मात्र फर्मास व्हावा, तसं झालं.

फाल्कनला ते सातवं नाव कधीच पचलं नाही. १९६९पासून स्वतःच्या बळावर उभा असलेला हा हार्लेमचा हीरो. सरकारने आपल्याला संख्येसाठी घेतलं, हे त्याला टोचत राहिलं आणि वर्षभराच्या आसपास तो निघून गेला. हॉकआयने तोवर कुरकुर भरपूर केली. कथेत दोघांच्याही बाजूला वजन आहे, आणि गायरिचलाही ती निव्वळ मूर्ख ठरवत नाही.

मार्व्हलच्या २००६च्या ‘सिव्हिल वॉर’ या कथामालिकेत यादी एका हवेलीपुरती उरली नाही. कनेक्टिकटमधल्या स्टॅमफर्ड गावात एका कारवाईदरम्यान स्फोट होतो, शेकडो माणसं मरतात आणि कायदा येतो: शक्ती असलेल्या प्रत्येकाने सरकारकडे खऱ्या नावाने नोंदणी करायची. आयर्न मॅन कायद्याच्या बाजूने, कॅप्टन अमेरिका विरोधात. ११ सप्टेंबरनंतरच्या पाळतीच्या कायद्यांवर अमेरिका भांडत होती ते हे दिवस. कॅप्टन हरतो, अटक होते आणि २००७मध्ये न्यायालयाच्या पायऱ्यांवर त्याच्यावर गोळ्या झाडल्या जातात. जिंकलेली बाजू पन्नास राज्यांना पन्नास टीम द्यायचं ठरवते. भरतीसाठी स्टॅमफर्डमध्येच छावणी उघडते, आणि तिथे नव्या पोरांपुढे सरकारच्या वतीने पुन्हा उभा असतो हेन्री पीटर गायरिच.