गाणं राहिलं, नाच गेला: वेल्श बॅलेमागची गोष्ट

केरिस मॅथ्यूज नव्वदच्या दशकात 'कॅटाटोनिया' या रॉक बँडची गायिका म्हणून गाजली. पुढे ती वेल्सच्या जुन्या गाण्यांकडे वळली आणि २०१० साली तिचा 'तीर' हा अल्बम आला. आपल्याला तीर म्हटलं की नदीचा काठ आठवतो; वेल्शमध्ये तीर म्हणजे जमीन, मुलूख. न्यूपोर्टच्या 'बॅले कमरी' या छोट्या कंपनीनं पुढे त्याच नावाचा बॅले बसवला. नृत्यरचना डॅरियस जेम्स आणि एमी डाउटी यांची. केरिस मंचावरच, हातात गिटार. ती गाते आणि भोवती नर्तक नाचतात.

यात नवल काय, असं वाटेल. आपल्याकडे लावणीला गाणं आणि नाच वेगळे काढून दाखवा म्हटलं तर जमणार नाही. वेल्समध्ये मात्र या दोघांच्या चुली एकदा वेगळ्या झाल्या होत्या.

अठराव्या शतकात तिथं मेथडिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या धर्मजागृतीची लाट आली. गावोगावच्या उपदेशकांच्या लेखी जत्रा, फिडल (म्हणजे व्हायोलिन), रविवारचे खेळ आणि नाच ही सगळी पापाचीच वाट. हार्प हे उभं तंतुवाद्य वाजवणाऱ्या एडवर्ड जोन्स नावाच्या वादकानं १७८४ मध्ये वेल्श चालींचं पुस्तक छापलं. 'आर हीद अ नोस', म्हणजे 'रातभर', ही आज जगभर ऐकू येणारी चाल पहिल्यांदा छापली गेली ती त्यातच. त्याच जोन्सनं १८०२ मध्ये चिडून लिहिलं की एकेकाळी आनंदी असलेला आपला देश या उपदेशकांनी पार रटाळ करून टाकला. माणूस संतापलेला होता, थोडी अतिशयोक्ती धरून चालू. पण दिशा त्यानं बरोबर ओळखली होती.

गाण्याचं नशीब बरं, कारण चॅपेललाही, म्हणजे या पंथांच्या प्रार्थनाघराला, गाणं हवंच होतं. १८५९ मध्ये एवन ग्विल्ट यांचं स्तोत्रांच्या चालींचं पुस्तक आलं आणि त्याच वर्षी अॅबरडेअरला सामुदायिक स्तोत्रगायनाचा मेळा भरला. अशा मेळ्याला वेल्शमध्ये 'कमान्वा गानी' म्हणतात. यातलं 'गानी' म्हणजे गाणंच; आपल्या 'गाणी'शी जुळणारा उच्चार हा निव्वळ योगायोग. स्वरलिपी होती टॉनिक सोल्फा, आपल्या सारेगमसारखी अक्षरांची. कोळसा खाणीत राबून आलेल्या माणसाला पाच रेघांचं स्टाफ नोटेशन वाचता येत नसलं तरी चालायचं. चार वेगवेगळ्या आवाजांच्या समूहगायनात तो आपली बाजू बरोबर पेलायचा.

शेताघरातली आणि चुलीपुढची गाणी वाचली ती बऱ्याच अंशी बायकांमुळे. मारिया जेन विल्यम्स यांनी दक्षिण वेल्समधली गाणी गोळा करून १८४४ मध्ये छापली. १९०६ मध्ये लोकगीत संस्था निघाली, आणि रूथ हर्बर्ट लुइस मेणाच्या नळ्यांचा फोनोग्राफ घेऊन गाणी टिपत हिंडल्या. होलीवेलच्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधारांना ठेवत त्या जागी, एका वृद्धेकडून त्यांना कितीतरी गाणी मिळाली.

नाचाला असा वाली मिळाला नाही. जो थोडा वाचला तो चॅपेलच्या धाकाबाहेरच्या लोकांमुळे, आणि इथं गोष्ट आपल्या बाजूला वळते. अठराव्या शतकात एब्रम वुड नावाचा रोमा, म्हणजे युरोपातल्या भटक्या जमातीतला, फिडलवादक वेल्समध्ये आला. रोमा लोकांचे पूर्वज मुळात उत्तर भारतातून निघालेले. वेल्समधल्या रोमांच्या बोलीवर जॉन सॅम्पसन यांचा १९२६ सालचा मोठा ग्रंथच आहे. या वुड घराण्यानं लाकडी तळव्याच्या बुटांचा क्लॉग नाच टिकवला आणि तारांच्या तीन रांगांचा वेल्श हार्पही. घराण्याचा वंशज जॉन रॉबर्ट्स १८८९ मध्ये आपल्या मुलांना घेऊन व्हिक्टोरिया राणीपुढे वाजवून आला.

बाकीचे नाच आठवणीतून उकरावे लागले. नॅन्टगारू या गावचे नाच केइनवेन थॉमस यांच्या आईनं लहानपणी पाहिले होते. लेकीनं ते आईकडून ऐकून लिहून ठेवले. लोकनृत्य संस्था निघायला १९४९ साल उजाडलं, लोकगीत संस्थेनंतर तब्बल ४३ वर्षांनी. त्यातही पुढाकार लोइस ब्लेक या मूळच्या इंग्रज बाईंचा!

बॅले तर पूर्ण परका. डॅरियस जेम्स यांनी १९८६ मध्ये सुरू केलेली ही कंपनी आधी 'ग्वेंट बॅले थिएटर' होती, 'बॅले कमरी' हे नाव नंतरचं. पदरी नर्तक मोजकेच, दौरे लहान नाट्यगृहांचे. अशा कंपन्या सहसा ध्वनिमुद्रित संगीतावर भागवतात. वादकांचा खर्च झेपत नाही म्हणून, आणि लय रोज तीच मिळते म्हणूनही. समोर गाणारी बाई असली की ती कडव्याच्या शेवटी श्वास घ्यायला क्षणभर रेंगाळते, आणि तेवढा वेळ नर्तकीला चवड्यावर तोल सांभाळून थांबावं लागतं. वेल्श परंपरेला हा खेळ नवा नाही. 'केर्ध दांत' या प्रकारात हार्पवर एक चाल आधी सुरू होते, गायक वेगळीच चाल घेऊन मागून शिरतो आणि दोघांनी संपवायचं मात्र एकाच ठिकाणी. समेवर येण्याची ओढ ज्याला माहीत आहे त्याला यातली गंमत वेगळी सांगायला नको.

आणि गाणी तरी कसली? 'सॉस्बन वाख' म्हणजे छोटं पातेलं. एकीचं बोट दुखतंय, गडी आजारी, पाळण्यात पोर रडतंय, मांजरानं कुणाला ओरबाडलंय, आणि चुलीवर पातेलं उकळतंय. 'मिग्ल्दी माग्ल्दी'त लोहाराच्या भट्टीचं दार उघडं आहे आणि पालुपदाला अर्थ असा नाहीच, नुसता ऐरणीवर पडणाऱ्या हातोड्याचा ठेका. रविवारी बाकावर ताठ बसून स्तोत्रं म्हणणाऱ्यांनी सोमवारी हे गाणं पाय न हलवता म्हटलं असेल, यावर माझा तरी विश्वास नाही.