कटाईच्या रेषेच्या दोन्ही बाजू

लग्नपत्रिकेच्या चारही कडांलगत सोनेरी किंवा कुंकवाच्या रंगाची बारीक चौकट असावी, असा आग्रह पुष्कळ यजमान धरतात. संगणकाच्या पडद्यावर ती चौकट अगदी नेटकी दिसते, परंतु छापून आलेल्या गठ्ठ्यातल्या काही पत्रिकांवर तीच डावीकडे जाड आणि उजवीकडे बारीक झालेली आढळते. चौकट 3 मिलिमीटर रुंद असेल आणि कागद कापताना पाते 1 मिलिमीटर सरकले, तर एका बाजूला 2 आणि दुसऱ्या बाजूला 4 मिलिमीटर उरतात, म्हणजे एक कड दुसरीच्या दुप्पट होते. हीच चूक 12 मिलिमीटरच्या रुंद पट्ट्यात झाली असती, तर 11 आणि 13 यांतला फरक फारसा कोणाच्या लक्षात आला नसता. फरक जाणवतो तो मूळ मापाच्या प्रमाणात, हे एर्न्स्ट वेबर या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात प्रयोगांनी दाखवले होते. कडेलगतच्या बारीक चौकटीचा मोह टाळावा, असे मुद्रक सांगतात त्यामागे हे साधे गणित आहे.

पाते सरकते किंवा सरकल्यासारखे दिसते, याचे पहिले कारण कागदातच आहे. कागद हा सेल्युलोजच्या तंतूंचा थर आहे आणि हे तंतू हवेतील बाष्प शोषून घेतात. बाष्प शोषल्यावर तंतू लांबीला अगदी थोडा वाढतो, पण जाडीला मात्र कित्येक पटींनी अधिक फुगतो. कारखान्यात कागदाचा ओला लगदा धावत्या जाळीवर पसरला जातो, त्यामुळे बहुतेक तंतू त्या धावेच्या दिशेने पहुडतात, आणि म्हणून तयार कागद आडव्या दिशेने जास्त ताणला जातो. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या 23 × 36 इंची कागदाची मोठी बाजू 914 मिलिमीटर असते, आणि ती एक सहस्रांश जरी वाढली तरी 0.9 मिलिमीटरचा फरक पडतो. त्यात ऑफसेट छपाई, म्हणजे धातूच्या प्लेटवरची शाई रबरी आवरणावरून कागदावर उतरवण्याची आजची रूढ पद्धत, पाण्याच्या मदतीने चालते. शाईचे तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, हे ज्या शिळाछापाचे, म्हणजे दगडावरून छापण्याच्या पद्धतीचे, तत्त्व होते आणि ज्या पद्धतीने मुद्रक गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये मुंबईत मराठी पंचांग छापले, त्याच तत्त्वावर आजची ऑफसेट प्लेटही काम करते, आणि प्लेटवरच्या पाण्याचा काही अंश प्रत्येक रंगाच्या वेळी कागदात उतरतो. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात हा कागद उघडा पडून राहिला, तर सकाळी छापलेला आणि संध्याकाळी कापलेला ताव अगदी एकाच मापाचा राहील, याची खात्री कोणी देऊ नये.

दुसरे कारण कटिंग मशीनचे. तिथे कागद एकेक करून नव्हे, तर गठ्ठ्याने कापला जातो. 0.1 मिलिमीटर जाडीच्या पाचशे तावांचा गठ्ठा 50 मिलिमीटर उंच होतो. तो वरून दाबून धरल्यावर पाते तिरके सरकत खाली उतरते. पात्याला धार एकाच बाजूने उतरती दिलेली असल्यामुळे ते पाचरीसारखे काम करते. दाब कमी पडला किंवा धार बोथट झाली, की वरचे कागद पात्याबरोबर किंचित ओढले जातात आणि वरच्या व खालच्या तावाच्या मापांत फरक पडतो. एकाच गठ्ठ्यातल्या काही पत्रिका बिघडतात आणि काही उत्तम निघतात, ते पुष्कळदा यामुळेच.

कापण्याची जागा म्हणजे नेमकी एक रेषा नसून एक पट्टा आहे, असे एकदा मान्य केले, की ब्लीड आणि सुरक्षित समास या दोन्ही गोष्टी आपोआप समजतात. पार्श्वभूमीचा रंग किंवा छायाचित्र कागदाच्या कडेपर्यंत न्यायचे असेल, तर ते कटाईच्या रेषेपलीकडे आणखी 3 मिलिमीटर वाढवायचे, म्हणजे पाते बाहेरच्या बाजूला चुकले तरी कडेला कोरा पांढरा कागद उघडा पडत नाही. या वाढीव भागाला ब्लीड म्हणतात. तो शेवटी कात्रणात जातो, म्हणजे जो भाग कोणीही पाहणार नाही तोच नीट छापायचा, असा हा मजेशीर व्यवहार आहे. मेट्रिक देशांत 3 मिलिमीटर आणि अमेरिकेत एक अष्टमांश इंच, म्हणजे जवळजवळ तेवढेच, हे माप रूढ आहे. ते न ठेवण्याची किंमत का मोजावी लागते, हे डोळ्याच्या क्षमतेवरून कळते. निरोगी डोळा अंशाच्या साठाव्या भागाएवढे बारकावे वेगळे ओळखतो, आणि 40 सेंटिमीटरवर धरलेल्या कागदावर हे अंतर सुमारे 0.12 मिलिमीटर भरते. गडद रंगाच्या कडेला अर्ध्या मिलिमीटरची पांढरी फट राहिली, तर ती या मर्यादेच्या चौपट असते, त्यामुळे नजरेतून सुटत नाही.

रेषेच्या आतल्या बाजूला नेमका उलटा विचार करावा लागतो. मजकूर, बोधचिन्ह आणि पृष्ठक्रमांक कटाईच्या रेषेपासून किमान 3 मिलिमीटर, आणि जागा असेल तर 5 मिलिमीटर आत ठेवावेत. जुन्या पोथ्यांत आणि शाळेच्या वहीत ज्या मोकळ्या जागेला आपण समास म्हणतो, तीच ही जागा. देवनागरीच्या बाबतीत एक खबरदारी अधिक घ्यावी लागते. हे अंतर शिरोरेषेपासून मोजू नये, कारण वेलांटी, मात्रा आणि रफार शिरोरेषेच्या वर जातात, तर उकार आणि काही जोडाक्षरे खाली उतरतात. ‘कीर्ती’ या शब्दाचा माथा शिरोरेषेच्या बराच वर असतो. रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या तयार साच्यात मराठी मजकूर बसवताना ही गफलत हमखास होते.

सर्वात नेहमीची चूक मात्र वेगळीच आहे. ए-4 आकाराचे, म्हणजे 210 × 297 मिलिमीटरचे चित्र पूर्ण तयार होते आणि मग छापखान्यातून ब्लीडची मागणी येते. अशा वेळी संपूर्ण चित्र ताणून 216 × 303 मिलिमीटर केले जाते. यात रुंदी 2.9 टक्के आणि उंची 2 टक्के वाढते, म्हणून गोल आकार किंचित लंबगोल होतात, हे एक. त्याहून वाईट म्हणजे कडेपासून 4 मिलिमीटरवर असलेला मजकूर ताणल्यावर 4.1 मिलिमीटरवर जातो आणि त्यातले 3 मिलिमीटर कापले जाणार असल्यामुळे पात्यापासून जेमतेम 1.1 मिलिमीटरवर उरतो. योग्य मार्ग असा, की मजकूर जागच्या जागी ठेवून फक्त पार्श्वभूमी वाढवावी. त्यासाठी छायाचित्रात कडेला जादा भाग असावा लागतो आणि तो छायाचित्र निवडतानाच पाहावा लागतो. इंचाला 300 बिंदू या हिशेबाने ब्लीडसह ए-4 साठी 2551 × 3579 बिंदूंचे चित्र लागते.

मधोमध पिना मारलेल्या पुस्तिकेत आणखी एक गुंता होतो. 64 पानांची पुस्तिका म्हणजे एकात एक घातलेले 16 दुमडलेले कागद. प्रत्येक आतला कागद बाहेरच्याच्या जाडीइतका पुढे ढकलला जातो, म्हणून 0.1 मिलिमीटर जाडीचा मॅपलिथो, म्हणजे पुस्तकांसाठी वापरला जाणारा साधा बिनचकाकीचा कागद, वापरला तर सर्वांत आतला कागद सुमारे दीड मिलिमीटर बाहेर डोकावतो. पुढची कड एकदम कापल्यावर मधली पाने तेवढीच अरुंद होतात. जाड कागदाच्या किंवा जास्त पानांच्या अंकात बाहेरच्या कडेचा समास म्हणूनच थोडा वाढवून ठेवावा.

फाइल पाठवताना ही सर्व मापे तिच्यासोबत जायला हवीत. पीडीएफमध्ये कापलेल्या पानाचा चौकोन आणि ब्लीडचा चौकोन असे दोन वेगळे चौकोन नोंदवता येतात, आणि छपाईसाठी ठरवलेल्या पीडीएफ-एक्स या प्रमाणात कापलेल्या पानाच्या सीमेची नोंद सक्तीची आहे. कटिंग मार्क, म्हणजे कुठे कापायचे हे दाखवणाऱ्या बारीक खुणा, लावताना इनडिझाइन या पानांच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये खुणा आणि पान यांतले मूळ अंतर 6 पॉइंट, म्हणजे 2.1 मिलिमीटर असते. ते ब्लीडच्या 3 मिलिमीटरपेक्षा कमी असल्यामुळे खुणांची टोके ब्लीडच्या पट्ट्यात शिरतात, म्हणून पीडीएफ काढण्यापूर्वी हा आकडा 3 मिलिमीटर किंवा त्याहून थोडा जास्त करून घ्यावा.