पहिलीतली अळी, पाचवीतलं घोसाळं

जपानमधल्या पहिलीच्या वर्गात ऑक्टोबरमध्ये एक गोष्ट हमखास घडते. मुलांनी बागेतून, देवळाच्या आवारातून ओकची फळं वेचून आणलेली असतात. बोटाच्या पेराएवढं, तपकिरी, गुळगुळीत, डोक्यावर टोपी असलेलं हे फळ. तिथे त्याला दोंगुरी म्हणतात. डबा चार दिवस वर्गात राहिला की तळाशी पांढऱ्या, गुबगुबीत अळ्या वळवळू लागतात आणि काही फळांना बारीक, अगदी गोल भोक पडलेलं दिसतं.

ही अळी सोंडकिड्याची. फळ झाडावर कोवळं असतानाच मादी आपल्या लांब सोंडेने त्याला भोक पाडते आणि आत अंडं घालते. अळी आतला गर खाऊन वाढते. फळ जमिनीवर पडलं की कवच कुरतडून बाहेर येते आणि कोष करायला मातीत शिरते. डब्यात माती नसते, म्हणून ती तळाशीच चाचपडत राहते. या फळांचे भोवरे आणि तोल सांभाळणाऱ्या बाहुल्या करायच्या असतात, त्यामुळे शिक्षक ती आधी उकळून घेतात किंवा फ्रीजरमध्ये ठेवतात. पण उकळण्याआधी मुलांनी एकदा ती अळी बघावी, असं मला मनापासून वाटतं. झाड, कीटक आणि माती एकमेकांना कशी बांधलेली आहेत, ते त्या डब्याच्या तळाशी दिसतं तेवढं चित्रात दिसत नाही. ही साखळी पुढेही जाते. ओक आणि बीच या झाडांना फळं कमी धरली की अस्वलं खाण्याच्या शोधात डोंगर उतरून वस्त्यांकडे येतात. २०२३ च्या शरदात उत्तर जपानने हे फार वाईट रीतीने अनुभवलं.

पहिली-दुसरीला तिथे विज्ञान हा विषयच नाही. १९९२ पासून या दोन इयत्तांत विज्ञान आणि समाजशास्त्र काढून त्यांच्या जागी ‘सेइकात्सु’, म्हणजे रोजच्या जगण्याशी जोडलेला एकच विषय ठेवला आहे. शाळा एप्रिलमध्ये सुरू होते. मे महिन्यात पहिलीतलं प्रत्येक मूल आपापल्या कुंडीत मॉर्निंग ग्लोरीचं बी लावतं, उन्हाळाभर पाणी घालतं आणि शरदात त्याच वेलाच्या सुकलेल्या बोंडांतून बिया काढतं. एक बी लावलं होतं, हातात मूठभर आल्या. अनेक शाळांत यातल्या काही बिया राखून ठेवतात आणि पुढच्या एप्रिलमध्ये येणाऱ्या नव्या पहिलीला भेट देतात. दुसरीची मुलं याच सुमारास रताळी खणतात आणि नऊपर्यंतचे पाढे तालावर म्हणतात. सुरुवात मात्र पाचाच्या किंवा दोनाच्या पाढ्याने होते, कारण तेच जिभेवर आधी बसतात.

विज्ञान येतं ते तिसरीत, आणि इथून पुढची रचना फार विचारपूर्वक केलेली आहे. २०१७ मध्ये सुधारलेला आणि २०२० पासून प्राथमिक शाळांत लागू झालेला अभ्यासक्रम दर वर्षी विचार करण्याच्या एका सवयीवर भर देतो. तिसरीत दोन गोष्टींची तुलना करायची, फरक आणि सारखेपणा टिपायचा आणि त्यातून प्रश्न काढायचा. चौथीत आधी माहीत असलेल्या गोष्टींच्या आधारावर अंदाज बांधायचा. पाचवीत तो अंदाज तपासायची पद्धत स्वतः ठरवायची. सहावीत हाती आलेल्या निष्कर्षाकडे चारही बाजूंनी बघायचं आणि तो अधिक पक्का करायचा. आधीची सवय पुढच्या वर्षी सुटत नाही, तिच्यावर नवी चढते. शाळेचं मैदान तेच असतं, ऋतू तोच असतो, प्रश्न मात्र दर वर्षी वेगळा. या रचनेचं मला सगळ्यात जास्त कौतुक वाटतं.

तिसरीत सावलीच्या धड्याची सुरुवात खेळाने होते. एकाने दुसऱ्याच्या सावलीवर पाय द्यायचा आणि तो आऊट. खेळता खेळता मुलांच्या लक्षात येतं की सगळ्यांच्या सावल्या एकाच दिशेला पडतात, आणि सकाळी सुरक्षित असलेली जागा दुपारच्या सुट्टीत सुरक्षित राहत नाही. मग मैदानात एक काठी रोवतात, खाली होकायंत्राने दिशा आखलेला कागद ठेवतात आणि ठरावीक वेळाने सावलीचं टोक कुठे आहे तिथे खूण करतात. सूर्य पूर्वेकडून दक्षिणेवरून पश्चिमेला जातो, सावली पश्चिमेकडून उत्तरेवरून पूर्वेला. मग उन्हातली आणि सावलीतली जमीन. सकाळी नऊ-दहाला एकदा आणि दुपारी बाराला एकदा तापमान घ्यायचं. त्यासाठी माती थोडी उकरून तापमापीचा फुगा जेमतेम झाकतात आणि नळीवर ऊन पडू नये म्हणून आडोसा करतात. आडोसा विसरला तर मोजमाप जमिनीचं राहत नाही, तापलेल्या काचेचं होतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हे एकदा कळलं की मोजमाप म्हणजे काय हे कळलं.

हे करायला २३ सप्टेंबरच्या आसपासचे दिवस सगळ्यात चांगले. विषुवदिनी, म्हणजे दिवस आणि रात्र जवळपास सारखे असतात त्या दिवशी, सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो आणि सावलीचं टोक दिवसभरात जमिनीवर जवळपास सरळ रेषा आखतं. इतर दिवशी ही रेघ वाकडी येते. जपानमध्ये विषुवदिनाला राष्ट्रीय सुट्टी असते, त्यामुळे शाळेत ही मोजणी दोन दिवस मागेपुढे करावी लागते, पण तेवढ्याने रेषा फारशी बिघडत नाही. टोकियो साधारण ३५.७ अंश अक्षांशावर आहे. तिथे त्या दिवशी एक मीटर काठीची सर्वात आखूड सावली सुमारे ७२ सेंटिमीटर भरते. पुण्यात तीच काठी ३३ सेंटिमीटरच्या आसपास सावली देते, आणि तीही घड्याळात बारा वाजता नाही, साडेबाराच्या सुमारास. टोकियोत शिकणारं मूल आणि पुण्यातलं त्याचं चुलत भावंड यांनी त्या दिवशी फोनवर आपापले आकडे एकमेकांना सांगितले, तर पृथ्वी गोल असल्याचा पुरावा दोघांच्या वह्यांत येईल.

आपल्याकडे नेमके हेच दिवस प्रथम सत्राच्या परीक्षेच्या तयारीत जातात, याची मला खंत वाटते. पाऊस ओसरतो, आकाश स्वच्छ होतं, धोबी पक्षी येऊन पोहोचतात, माळावर गवताला बी धरतं आणि मुलं वर्गात उजळणी करत असतात.

चौथीत घोसाळं येतं. हो, आपण ज्याची भजी करतो तेच. जपानीत हेचिमा. चौथीचा वर्ग वसंतात ते लावतो आणि वर्षभर त्याची वाढ व हवेचं तापमान शेजारी शेजारी नोंदवतो. उन्हाळ्यात वेल पाहता पाहता मांडवावर चढतो. सप्टेंबर उलटून गारवा वाढला की वाढ मंदावते, पानं पिवळी पडतात, फळ वाळून हलकं होतं आणि हलवलं की आत बिया खुळखुळतात. साल सोलली की आतली जाळी हातात येते. ती अंग घासायला तिथेही वापरतात आणि आपल्याकडेही. वेल संपण्याआधी आणखी एक गंमत करता येते. जमिनीपासून हातभर उंचीवर खोड कापायचं आणि मुळाकडचं टोक बाटलीत घालून ठेवायचं. रात्रभरात बाटलीत स्वच्छ पाणी जमा होतं. पानं नाहीत, वरून ओढणारं काही नाही, तरी मुळं खालून पाणी ढकलतच असतात. हे पाणी जपानमध्ये पूर्वापार चेहऱ्याला लावतात. मुलांसाठी तो मुळांच्या दाबाचा प्रयोग असतो.

मैदानाच्या कडेचं चेरीचं झाडही चौथीच्याच वहीत असतं. पान लाल का होतं? दिवस लहान आणि थंड होऊ लागले की झाड पानातलं हरितद्रव्य मोडतं आणि पानातला नायट्रोजन परत आत ओढून घेतं. हिरवा रंग गेला की आधीपासून तिथेच असलेली पिवळी रंगद्रव्यं उघडी पडतात. गिंकोची पानं अशी पिवळी होतात. मॅपल आणि चेरीच्या पानांत याशिवाय उरलेल्या साखरेपासून अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य नव्याने तयार होतं, म्हणून लख्ख ऊन आणि गार रात्री लाभल्या की रंग जास्त खुलतो. दरम्यान देठाच्या बुडाशी पेशींचा एक कमकुवत थर तयार होतो आणि पान तिथूनच सुटतं. ते सुटलेलं असतं तेव्हा शेजारी पुढच्या वसंताची कळी बंद होऊन बसलेली असते. हिवाळ्यात झाड मेलं का, या प्रश्नाचं उत्तर मुलांनी त्या कळीत शोधायचं असतं.

जपानच्या हवामान खात्याने १९५३ पासून देशभर अशा ऋतुखुणांच्या नोंदी ठेवल्या आहेत. त्यांतून दिसतं की मॅपल लाल होण्याची तारीख दर दशकात सुमारे ३ दिवसांनी पुढे सरकते आहे. २०२१ पासून खात्याने प्राण्यांच्या नोंदी थांबवल्या आणि वनस्पतींच्या फक्त सहा जातींवर काम आणलं. मला हा निर्णय पटत नाही. शाळेच्या कपाटात पडून असलेल्या जुन्या निरीक्षण-वह्यांचं मोल त्यामुळे वाढलं आहे, एवढं नक्की.

पाचवीत घोसाळं किंवा भोपळा पुन्हा भेटतो, पण आता मुलांच्या हातात कागदी पिशव्या असतात. या वेलांवर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या खाली चिमुकलं फळ आधीच दिसतं. प्रश्न असा की पराग मिळाले नाहीत तरी ते फळ वाढेल का? उद्या उमलणार अशा दोन मादी कळ्या निवडायच्या आणि दोन्हींवर आज पिशव्या बांधायच्या. उमलल्यावर एकीची पिशवी काढून नर फुलाचे पराग लावायचे आणि लगेच परत बांधायची. दुसरीला हात लावायचा नाही. दोन्ही एकाच वेलावर, एकाच उन्हात, दोन्हींवर पिशवी, फरक फक्त परागांचा. परागांवर काम झाल्यावर तिलाही पुन्हा पिशवी कशाला बांधायची, हा प्रश्न वर्गात हटकून येतो आणि यायलाच हवा. न बांधली तर मधमाशीचा हात लागला की नाही हे सांगता येत नाही, आणि फळ वाढलं ते परागांमुळे की मोकळ्या हवेमुळे हेही सांगता येत नाही. काही दिवसांनी पराग मिळालेलं फळ फुगतं, दुसरं सुकून गळतं. परसात भोपळ्याला हाताने पराग लावणाऱ्या आपल्या आजीला हा निष्कर्ष ठाऊकच असतो. पाचवीतलं मूल शिकतं ते तो निष्कर्ष सिद्ध कसा करायचा हे.

त्याच सुमारास वादळांचा हंगाम असतो. वर्षाला सरासरी २५ टायफून तयार होतात आणि त्यांतली सुमारे ३ जपानच्या भूमीवर येतात. म्हणून वाहत्या पाण्याचा धडा याच दिवसांत येतो. मैदानात मातीचा उतार रचून त्यात वळणाची चारी काढतात, वळणाच्या आतल्या आणि बाहेरच्या काठावर बारीक काड्या रोवतात आणि वरून बाटलीने पाणी सोडतात. बाहेरच्या काठावरच्या काड्या आधी पडतात, आतल्या बाजूला गाळ साचत जातो. मग एका बाटलीऐवजी दोन बाटल्या ओतायच्या, बाकी काही बदलायचं नाही. काठ ढासळतो. नदीच्या वळणाला बाहेरच्या बाजूनेच बांध का घालतात, ते सांगावं लागत नाही.

सहावीच्या वाट्याला चंद्र येतो. चौथीत चंद्र आकाशात कसा सरकतो ते नोंदवलेलं असतं, आता त्याचा आकार का बदलतो ते शोधायचं. वर्गात अंधार करून एक दिवा लावतात, हातातला चेंडू डोक्याभोवती फिरवतात आणि कोर, अर्धा, पूर्ण असे आकार स्वतःच्या डोळ्यांनी पाहतात. तिथे शरदातल्या पौर्णिमेला चंद्र पाहायची रीत आहे. २०२५ मध्ये ती रात्र आणि आपली कोजागरी एकाच दिवशी, ६ ऑक्टोबरला आली. पण खगोलीय पौर्णिमा त्या रात्री नव्हतीच. ती दुसऱ्या दिवशी, जपानी वेळेनुसार दुपारी पाऊण वाजल्यानंतर झाली, तेव्हा टोकियोत चंद्र क्षितिजाखाली होता. भारतात तेव्हा सकाळचे सव्वानऊ वाजून गेले होते, म्हणजे पुण्यातही चंद्र मावळलेला होता. तरी आदल्या रात्री दोन्हीकडच्या लोकांनी जो पाहिला तो सगळ्यांना गोलच दिसला. का, हे सहावीतल्या मुलाने दिवा आणि चेंडू घेऊन समजावून सांगायचं असतं.