तापीकाठची रतवेल आणि तिच्या नावांचा घोळ
खानदेशातल्या चांगदेव गावी तापी-पूर्णेच्या संगमावर हिवाळ्यात पाणी उतरलं की ओल्या वाळूवर एक बुटकी वेल पसरलेली दिसते, जमिनीला चिकटून, प्रत्येक पेराला मुळं, आणि वर काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढी फुलं. टरबुजाच्या वाडीवर विचारलं तर उत्तर एकच, "हाई तर तन शे भाऊ." तिथंच विषय संपतो.

तर ही रतवेल, काहीजण रतोलिया म्हणतात. संस्कृतात जलपिप्पली, कारण फुलं झडत जातात तसा बोंडाचा, म्हणजे फुलांच्या गुच्छाचा, दांडा लांबतो आणि पिंपळीसारखा दिसायला लागतो. मत्स्यगंधा हेही तिचंच एक नाव (सत्यवतीचा काही संबंध नाही).

खरी गंमत शास्त्रीय नावाची आहे. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1753 मध्ये तिला व्हर्बिना नोडिफ्लोरा म्हटलं, नोडिफ्लोरा म्हणजे पेरापाशी फुलणारी, हे मात्र अगदी बरोबर बसतं. पुढे मिशो या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1803 मध्ये तिला लिपिया या वंशात टाकलं, हे लिपिया नाव ऑगस्टिन लिपी नावाच्या वनस्पती गोळा करणाऱ्या माणसावरून, जो बिचारा 1705 मध्ये आफ्रिकेत मारला गेला. शेवटी 1899 मध्ये ग्रीन या वनस्पतिशास्त्रज्ञाने फायला नोडिफ्लोरा केलं आणि आता तेच चालतं. पण पुण्याच्या कॉलेजचे प्रिन्सिपल राहिलेले थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा, म्हणजे तिथल्या वनस्पतींचा ग्रंथ, 1901 ते 1908 मध्ये आला, त्यात जुनं लिपियाच आहे, खानदेश तेव्हा मुंबई इलाख्यातच होता, त्यामुळे आपल्याकडची जुनी पुस्तकं धरून बसलेला माणूस लिपिया म्हणतो, मोबाईलवरचं ॲप फायला म्हणतं, आणि दोघं भांडत बसतात, झाड एकच!

ओळखायचं कसं? आधी फुलाकडे नाही, पानाकडे बघा. पान देठाकडे निमुळतं आणि करवतीसारखे दाते फक्त वरच्या अर्ध्या भागाला. कांचरीही तशीच ओलीत पसरते आणि तिचीही फुलं पांढरी, पण तिचे गुच्छ पानाच्या बगलेतच चिकटलेले असतात, रतवेलीचं बोंड लांब देठावर उभं राहतं. फुलं पांढरी-गुलाबी, आत पिवळा ठिपका, भिंगातून बघितलं तर चक्क घाणेरीची पिटुकली बहीण वाटते, आणि ते खोटंही नाही, दोघी एकाच कुळातल्या. फरक एवढाच की घाणेरी परदेशातून आली, ही इथलीच.